वाद शिकवणारा उन्हाळा

अमेरिकेत पॉलिसी डिबेट करणाऱ्या शाळकरी मुलांचं वर्ष जानेवारीत ठरतं. पुढच्या हंगामाचा विषय त्या महिन्यात जाहीर होतो, आणि तो देशभरातल्या सगळ्या शाळांना एकच असतो. आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धेचा विषय थोडे दिवस आधी कळतो, भाषण लिहून पाठ होतं, घंटा वाजते आणि विषय तिथेच संपतो. तिकडची मुलं मात्र एकाच विधानावर अख्खं शैक्षणिक वर्ष बोलत राहतात, एका फेरीत त्याच्या बाजूने आणि पुढच्या फेरीत त्याच्या विरोधात. एवढा काळ पुरेल इतका अभ्यास करायचा तर मोठी सुट्टीच हवी. म्हणून जून ते ऑगस्ट या काळात मिशिगन, डार्टमथ, एमरी, नॉर्थवेस्टर्न अशा विद्यापीठांच्या आवारांत डिबेटची उन्हाळी शिबिरं भरतात. नॉर्थवेस्टर्नची शाळकरी मुलांसाठीची उन्हाळी संस्था तर १९३१ पासून चालू आहे.

या शिबिरांत मुलांना बोलायला शिकवत असतील, असं कुणालाही वाटेल. बोलायला शिकवतातच, पण दिवसाचा मोठा भाग वाचण्यात, पुरावे शोधण्यात आणि समोरचा काय म्हणाला ते नेमकं टिपून घेण्यात जातो. मला या शिबिरांचं खरं मोल त्यातच दिसतं. हे काम कसं चालतं ते नीट कळावं म्हणून एक खरा विषय घेऊ. २०२१-२२ च्या हंगामाचा विषय असा होता: अमेरिकेच्या केंद्र सरकारने देशातल्या जलसंपत्तीचं संरक्षण भरीव प्रमाणात वाढवावं. त्या उन्हाळ्यात कोविडमुळे बरीच शिबिरं ऑनलाइन भरली होती, पण कामाची पद्धत तीच राहिली.

आधी फेरीचा आराखडा लक्षात घेऊ, कारण शिबिरातला प्रत्येक सराव त्यातून निघतो. दोन-दोन मुलांचे दोन संघ असतात, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. चौघांनाही दोन-दोन भाषणं करावी लागतात: आठ मिनिटांचं मांडणीचं आणि पाच मिनिटांचं खंडनाचं. मांडणीच्या प्रत्येक भाषणानंतर तीन मिनिटं उलटतपासणी होते. त्यात संघांना मिळणारा तयारीचा वेळ धरला, तर फेरी सव्वा ते दीड तास चालते. सुरुवात अनुकूल बाजू करते आणि शेवटचा शब्दही तिचाच असतो. त्याची भरपाई म्हणून मधल्या टप्प्यात प्रतिकूल बाजूची दोन भाषणं लागोपाठ येतात, एक आठ मिनिटांचं आणि एक पाचचं. त्या तेरा मिनिटांना अनुकूल बाजूच्या एका मुलाला पाच मिनिटांत उत्तर द्यावं लागतं. या पाच मिनिटांकडे आपण पुढे येऊच.

शिबिर दोन आठवड्यांचं असतं, तसंच सात आठवड्यांचंही असतं. मुलं विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतात. साधारण पंधरा-वीस जणांचा एक गट केला जातो, त्याला लॅब म्हणतात. लॅब चालवणारे बहुतेक कॉलेजच्या संघांतले डिबेटर असतात किंवा शाळांचे प्रशिक्षक. सकाळी व्याख्यान होतं, मग लॅब, दुपारी संशोधन आणि संध्याकाळी सरावाची फेरी. पहिल्या काही दिवसांत विषयाची पायाभरणी होते. पाण्याच्या विषयात मुलांना १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा आणि १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा यांतला फरक समजून घ्यावा लागला: पहिला नद्या आणि तळ्यांमधल्या प्रदूषणाकडे पाहतो, दुसरा नळाला येणाऱ्या पाण्याकडे. केंद्राचे अधिकार कुठे संपतात आणि राज्यांचे कुठे सुरू होतात, हेही वाचावं लागलं. चौदा-पंधराव्या वर्षी एखादा कायदा मुळातून वाचायची वेळ आपल्यापैकी किती जणांवर आली असेल?

यानंतर कामाची वाटणी होते. समजा, लॅबमधल्या एका मुलीकडे शिशाच्या पाइपांचा मुद्दा आला. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटचं पाणी घेणं थांबवलं आणि फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. पाइप आतून झिजू नयेत म्हणून पाण्यावर जी प्रक्रिया करायची असते, ती केली गेली नाही. जुन्या पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरलं आणि ते पाणी घराघरांत प्यायलं गेलं. मुलांच्या रक्तातल्या शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. नव्या बांधकामात शिशाचे पाइप घालायला अमेरिकेत १९८६ मध्येच बंदी झाली, पण जमिनीत आधीच असलेले तसेच राहिले. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या त्या वेळच्या अंदाजानुसार शिशाच्या अशा जोडण्या साठ लाख ते एक कोटी होत्या. अनुकूल बाजूची योजना ठरली: केंद्र सरकारने हे सगळे पाइप बदलावेत.

मुलीला हे सारं माहीत असून भागत नाही. फेरीत नुसत्या सांगण्याला वजन नसतं, प्रत्येक दाव्यामागे छापील पुरावा लागतो. त्या पुराव्याला कार्ड म्हणतात आणि तो तयार करण्याला कार्ड कापणं. पूर्वी मुलं मासिकांची कात्रणं खरोखरच कापून चिकटवत आणि प्लास्टिकच्या मोठ्या खोक्यांत भरून ढकलगाडीवरून स्पर्धेला नेत. आता हे काम लॅपटॉपवर होतं. ते कसं, ते जवळून पाहू.

मुलीला शिशामुळे मुलांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांवरचा एक लेख सापडला. कामाचा परिच्छेद ती जसाच्या तसा, एकही शब्द न गाळता फाइलमध्ये उतरवते. वर एका वाक्यात स्वतःचा दावा लिहिते, त्याला टॅग म्हणतात. त्याखाली लेखकाचं नाव, त्याचा अधिकार काय, लेख कुठे आणि कधी छापला, त्याचा पत्ता. मग ती परिच्छेद पुन्हा वाचते आणि दाव्याला आधार देणारे शब्द अधोरेखित करते. त्यांतलेही जे मोठ्याने वाचायचे तेवढ्यांवर रंग चढवते. बाकीचा मजकूर अक्षर बारीक करून तिथेच ठेवते. तो पुसून टाकायचा नसतो, कारण ही फाइल समोरच्या संघाला मिळते. परिच्छेदातलं पुढचं वाक्य ‘परंतु’ने सुरू होत असेल आणि आधीच्या वाक्याचा अर्थ फिरवत असेल, तर ते टाळून चालत नाही. लेखकाचं म्हणणं वाकवलं किंवा न वाचलेला भाग वाचला असं भासवलं, तर संघ फेरी हरू शकतो.

लॅब चालवणारा तिच्या शेजारी बसून प्रश्न विचारतो. हा लेखक डॉक्टर आहे की वार्ताहर? त्याने स्वतः पाहणी केली, की दुसऱ्याचं सांगितलंय? तुझ्या टॅगमध्ये ‘सिद्ध झालं आहे’ असं आहे, आणि लेखात ‘दिसून येतं’ असं. नवख्या मुलांचे टॅग नेहमीच पुराव्यापेक्षा चार पावलं पुढे पळतात. टॅग आणि पुरावा यांच्यातलं अंतर डोळ्याला टोचू लागलं, की मुलगी वर्तमानपत्राचे मथळेही त्याच नजरेने वाचायला लागते. एवढं एक कौशल्य कुठल्याही शाळेने शिकवलं, तरी मी त्या शाळेला चांगली म्हणेन.

कार्डं जमली की मांडणी सुरू होते. अनुकूल बाजूला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: नुकसान आहे, ते मोठं आहे, सध्याची व्यवस्था ते दूर करत नाही, आणि आपली योजना ते दूर करेल. ही मांडणी चालू असताना त्याच लॅबमधली अर्धी मुलं पलीकडे बसून या योजनेविरुद्धची फाइल तयार करत असतात.

त्यांचं पहिलं हत्यार विषयाच्या शब्दांचं. पाइप बदलणं म्हणजे जलसंपत्तीचं संरक्षण होतं का? जलसंपत्ती म्हणजे नद्या, तळी, भूजल; पाइप ही बांधकामाची बाब आहे, असं प्रतिकूल बाजू म्हणते आणि त्यासाठी व्याख्यांची कार्डं वाचते. हे शाब्दिक चाळे नाहीत. विषयाला कुंपण नसेल, तर विरोधकाने तयारी तरी कशाची करायची, हा न्यायाचा प्रश्न त्यामागे आहे. परीक्षकाला तो पटला, तर योजना कितीही चांगली असली तरी अनुकूल बाजू हरते.

दुसरं हत्यार तोट्याचं: योजना स्वीकारली तर काय बिघडेल? इथे साखळी बांधावी लागते. आज परिस्थिती ठीक आहे, योजनेमुळे ती बिघडेल, आणि बिघडली तर अमुक हानी होईल. प्रत्येक कडीला वेगळं कार्ड लागतं. ही साखळी ताणत ताणत अणुयुद्धापर्यंत नेण्याची पॉलिसी डिबेटमधली सवय जुनी आहे. पाइपांवरचा खर्च वाढला, सरकारची राजकीय ताकद घटली, परराष्ट्र धोरण डळमळलं आणि शेवटी बॉम्ब पडला. मला हा या खेळाचा दुबळा भाग वाटतो. पण चांगले प्रशिक्षक साखळीतली सगळ्यात कच्ची कडी शोधायला शिकवतात, आणि त्या शोधाचा सराव व्हायला अशा ताणलेल्या साखळ्याही उपयोगी पडतात.

तिसरं हत्यार सगळ्यात रंजक आहे, पर्यायी योजनेचं. प्रतिकूल बाजू म्हणते, नुकसान आम्हालाही मान्य आहे, पाइप बदलायलाच हवेत. फक्त ते केंद्राने न बदलता पन्नास राज्यांनी बदलावेत. याला भक्कम आधार होता. मिशिगनने २०१८ मध्ये शिशाच्या सगळ्या जोडण्या बदलण्याचा नियम केला होता. न्यू जर्सीने २०२१ च्या जुलैमध्ये, म्हणजे ऐन शिबिरांच्या दिवसांत, दहा वर्षांत हे पाइप काढण्याचा कायदा केला. न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे. तिथल्या एखाद्या मराठी मुलाला आपल्याच गावच्या नळाचा पुरावा वाचावा लागला असेल. अनुकूल बाजूने यावर काय म्हणायचं? ज्या राज्यांकडे पैसा नाही त्यांचं काय, केंद्राचा पैसा आणि राज्यांचं काम दोन्ही एकत्र का चालू नये, असे प्रश्न पुढे येतात. हे प्रश्न थेट सरकार चालवणाऱ्यांच्या टेबलावरचे आहेत, आणि मुलं त्यांच्याशी जुलैच्या उकाड्यात झुंजतात.

चौथा एक प्रकार योजनेच्या तपशिलात न शिरता तिच्यामागची गृहीतकंच तपासतो. त्यासाठी मुलं तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्राची जड पुस्तकं वाचतात. नवख्यांना त्यात फार खोल उतरवत नाहीत.

एवढे मुद्दे डोक्यात धरायचे कसे? त्यासाठी फ्लो असतो. लांब कागदावर उभे रकाने आखायचे, प्रत्येक भाषणाला एक. दोन बाजूंना दोन रंगांची पेनं. प्रत्येक मोठ्या मुद्द्याला स्वतंत्र कागद: व्याख्येचा एक, तोट्याचा एक, राज्यांच्या योजनेचा एक. समोरचा बोलू लागला की त्याचा प्रत्येक युक्तिवाद त्याच्या रकान्यात, जुन्या युक्तिवादाच्या शेजारी उतरवायचा. मग डावीकडून उजवीकडे एक ओळ वाचली की त्या मुद्द्याचा सगळा प्रवास दिसतो: मी काय म्हटलं, त्याने काय उत्तर दिलं, माझ्या जोडीदाराने काय जोडलं. एखाद्या ओळीत पुढचा रकाना रिकामा राहिला, तर त्या युक्तिवादाला उत्तर मिळालेलं नाही, आणि उत्तर न मिळालेला युक्तिवाद मान्य झाला असं धरतात.

या एका नियमाने मुलांना ऐकायला भाग पाडलं जातं. पाठ केलेल्या भाषणात समोरच्याचं ऐकलं नाही तरी निभावतं. आपल्याकडच्या कितीतरी स्पर्धांत पाचवा वक्ता चौथ्याला उत्तर देत नाही. तो घरून आणलेलं सांगतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. इथे ते चालत नाही. पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलांचा फ्लो अर्धवट असतो, अक्षर लागत नाही, समोरच्याचा तिसरा मुद्दा लिहिताना चौथा निसटतो. म्हणून लॅबमध्ये भाषणांची ध्वनिमुद्रणं लावून फ्लो लिहायचा सराव घेतात आणि कागद एकमेकांशी ताडून पाहतात. शब्दांची लघुरूपं ज्याची त्याने बसवायची असतात.

याच नियमातून पॉलिसी डिबेटचा बदनाम वेगही जन्मला. उत्तर न मिळालेला मुद्दा मान्य होणार असेल, तर आठ मिनिटांत जितके जास्त मुद्दे टाकता येतील तितकं बरं. साध्या बोलण्यात मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द येतात. मुरलेले डिबेटर तीनशेच्या पुढे जातात. शिबिरात त्याचेही व्यायाम असतात. दातांत पेन धरून परिच्छेद वाचायचा, म्हणजे उच्चारासाठी जिभेला जास्त कष्ट पडतात. परिच्छेद शेवटच्या शब्दापासून उलटा वाचायचा, म्हणजे अर्थाच्या ओघात शब्द गिळले जात नाहीत. श्वास कुठे घ्यायचा हे खूण करून ठरवायचं. बाहेरचा माणूस ऐकेल तर त्याला एक शब्द कळणार नाही, आणि हे मला खटकतं. सार्वजनिक प्रश्नावरचा वाद जनतेला समजू नये, हे या प्रकाराचं मोठं नुकसान आहे. तसं वाटणारे तिथेही आहेत. १९८० च्या सुमारास एकेकट्या स्पर्धकांचा, मूल्यांवर भर देणारा प्रकार आला. त्याला लिंकन आणि डग्लस यांच्या १८५८ च्या वादसभांचं नाव दिलं गेलं. २००२ मध्ये पब्लिक फोरम आला, तो तर सामान्य श्रोत्याला समजावा म्हणूनच. आज त्या दोन्हींची स्वतंत्र उन्हाळी शिबिरं भरतात. मूल पहिल्यांदाच जाणार असेल तर पब्लिक फोरमपासून सुरुवात करावी, असं मी सुचवेन: भाषणं छोटी, विषय हंगामात अनेकदा बदलणारे आणि वेग आटोक्यातला.

आता ती पाच मिनिटं. प्रतिकूल बाजूने तेरा मिनिटं बोलून चार कागद भरलेत. त्यांना उत्तर देण्याचं भाषण शिकवण्याची शिबिरातली रीत साधी आणि थकवणारी आहे. सरावाच्या फेरीनंतर मुलीला तेच भाषण पुन्हा करायला लावतात. ती उभी राहते, राज्यांच्या योजनेवर सुरू करते. मिनिटभराने प्रशिक्षक थांबवतो: या कागदावर तू सात उत्तरं दिलीस, दोन पुरेशी होती. पुन्हा. ती दोनवर येते, पण व्याख्येचा कागद राहून जातो आणि तिथेच फेरी हरली असती. पुन्हा. या वेळी सगळे कागद होतात, पण ‘मला असं म्हणायचं आहे की’ हे शब्द जागोजाग येतात; प्रशिक्षक ते मोजून सांगतो. पुन्हा. काय सोडायचं हे ठरवणं हा या भाषणाचा गाभा आहे. दोन उत्तरांपैकी कुठलं शेवटच्या भाषणात आपल्याला जिंकून देईल, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःचे पाच चांगले मुद्दे स्वतःच्या हाताने खोडताना पाहणं हा शिक्षणाचा फार सुंदर प्रकार आहे.

संध्याकाळच्या फेरीत बाजू बदलतात. दुपारी पाइपांची योजना मांडणारी मुलगी आता राज्यांचा पर्याय घेऊन उभी असते. यावर जुना आक्षेप आहे की मुलं बेफिकीर होतात, त्यांना कशाचंच काही वाटेनासं होतं. मला तसं वाटत नाही. आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडावा लागे. विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं तरच त्याला उत्तर देण्याचा अधिकार. ही मुलं तेच वेगळ्या वाटेने करतात. ज्या योजनेविरुद्ध आपण स्वतः फाइल बनवली आहे, तिच्यावरचा विश्वास टिकला तर तो डोळस असतो.

या सगळ्याची किंमत मोठी आहे. राहण्या-जेवण्यासह काही आठवड्यांचं शिबिर हजारो डॉलर्सना जातं. ज्या शाळांकडे पैसा नाही, त्यांची मुलं सप्टेंबरमध्ये पहिल्याच स्पर्धेत शिबिरातून आलेल्यांसमोर रिकाम्या हाताने उभी राहतात. हे अंतर कमी करण्याचं एक महत्त्वाचं काम अटलांटात झालं. एमरी विद्यापीठाच्या मेलिसा मॅक्सी वेड यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये तिथल्या सरकारी शाळांसोबत अर्बन डिबेट लीग सुरू झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती कल्पना इतर शहरांत पसरली. या लीगमधून येणाऱ्या, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना शिष्यवृत्तीवर उन्हाळी शिबिरं मिळू लागली. दुसरी मदत खुल्या फाइलींची. शिबिरांत तयार झालेल्या पुराव्यांच्या फाइली इंटरनेटवर मोफत ठेवल्या जातात, त्या कुणालाही घेता येतात. महाराष्ट्रातल्या एखाद्या शिक्षकाला पुराव्याची मांडणी मुलांना दाखवायची असेल तर या फाइली उत्तम नमुना आहेत; भाषा इंग्रजी आणि विषय अमेरिकेचे, पण टॅग, लेखक, परिच्छेद, अधोरेखन ही रचना मराठी वर्तमानपत्राच्या अग्रलेखावरही तशीच बसवता येते. तरीही अंतर पूर्ण मिटत नाही. फाइल मोफत मिळते, पण शेजारी बसून ‘तुझा टॅग पुढे पळतोय’ असं सांगणारा माणूस मोफत मिळत नाही.

शिबिराच्या शेवटी एक स्पर्धा होते, मुलं फाइली घेऊन घरी जातात आणि सप्टेंबरमध्ये हंगाम सुरू होतो. पाण्याच्या वर्षी त्या फाइलींना नोव्हेंबरात मोठा धक्का बसला. १५ नोव्हेंबर २०२१ ला पायाभूत सुविधांच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि त्यात शिशाचे पाइप बदलण्यासाठी पंधरा अब्ज डॉलर्सची तरतूद होती. सध्याची व्यवस्था काहीच करत नाही, हा अनुकूल बाजूचा तिसरा पाय एका दिवसात लुळा पडला. आता ज्यांना ती योजना चालवायची होती त्यांना नवं कार्ड शोधावं लागणार: हा पैसा पुरेल का, किती जोडण्या राहतील, कुठली शहरं वगळली जातील. प्रतिकूल बाजूलाही जुनी फाइल खोलून तोट्याची साखळी नव्याने बांधावी लागणार, कारण ज्या खर्चाची भीती दाखवायची तो आता कायद्याने मंजूर झाला होता. जुलैत ज्यांनी फक्त तयार फाइली गोळा केल्या, त्यांच्या हातात त्या आठवड्यात शिळा कागद होता. ज्यांनी कार्ड कापायला शिकून घेतलं होतं, ती मुलं शनिवारच्या स्पर्धेआधी कायद्याचा मूळ मजकूर उघडून बसली असतील.